नळी आज लागते का? लघवीची नळी असलेल्या पेशंटजवळ बसणाऱ्यांसाठी

आबा पडले तेव्हा आषाढ होता. पडवीतल्या ओल्या फरशीवर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या आधी लघवीची नळी घातली, ते बरोबरच होतं. ऑपरेशननंतर दोन दिवसांनी फिजिओथेरपीवाल्या मुलीने त्यांना खुर्चीत बसवलं, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून ते दारापर्यंत गेले. नळी मात्र तशीच राहिली. पिशवी वॉकरला अडकवून माणूस चालत होता, आणि मी रोज ड्युटी संपवून संध्याकाळी जायची, पिशवी रिकामी करायची, लघवी मोजून चार्टवर आकडा लिहायची. नवव्या दिवशी थंडी वाजून १०३ ताप. लघवीत आणि रक्तात एकच जंतू, क्लेबसिएला. रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, म्हणजे ती औषधं चालणार नाहीत. घरी जायची तयारी झालेला माणूस पुढचे चौदा दिवस शिरेतून इंजेक्शन घेत पडून राहिला.

एकोणीस वर्षं मी कोल्हापुरात आयसीयूत सिस्टर म्हणून काम करतेय. ‘ही नळी अजून कशाला ठेवलीय?’ हा एक प्रश्न मी त्या नऊ दिवसांत विचारला नाही. त्या हॉस्पिटलातही कुणी विचारला नाही.

पेशंट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात असो, राजारामपुरीतल्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात असो, की डिस्चार्ज घेऊन कागल-करवीरच्या गावात घरी नेलेला असो, उशाशी बसलेल्या माणसाच्या हातात यातलं बरंच काही असतं. ते काय आणि कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी नळी काय करते ते समजून घ्या

लघवीसाठी जी रबरी किंवा सिलिकॉनची नळी घालतात तिला फोली कॅथेटर म्हणतात. फ्रेडरिक फोली या अमेरिकन यूरॉलॉजिस्टने १९३० च्या दशकात ती आणली. टोकाला छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात गेली की त्या फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात, म्हणजे ती बाहेर निसटत नाही. म्हणूनच नळी कधीही ओढायची नाही. भ्रमिष्ट झालेल्या पेशंटने फुग्यासकट नळी ओढली की आतला मार्ग फाटतो आणि रक्त थांबता थांबत नाही. असा पेशंट असेल तर रात्री त्याच्याजवळ जागं माणूस हवंच.

निरोगी माणसाची लघवी जोराने येते आणि वाटेतले जंतू धुऊन नेते. नळी घातली की हे धुणं बंद पडतं. जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने वर चढतात, किंवा पिशवीतून, नळी-पिशवीच्या सांध्यातून आतल्या अंगाने चढतात. बहुतेक वेळा ते पेशंटच्याच आतड्यातले असतात, आणि हॉस्पिटलात असाल तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातावरून आलेले.

पावसाळा ओसरल्यावर पंचगंगेच्या घाटावर खालच्या पायऱ्यांवर जो बुळबुळीत थर राहतो, तो आठवा. वरून कितीही पाणी ओता, तो हलत नाही, खरवडावाच लागतो. नळीवर जंतू असाच थर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. अँटिबायोटिक लघवीत उतरतं, मोकळे तरंगणारे जंतू मारतं, पण थराच्या पोटात लपलेल्यांपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. ताप उतरतो, औषध थांबतं, आणि थरातून जंतू पुन्हा बाहेर पडतात. त्या औषधाला जे पुरून उरले तेच आता वाढतात. रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानणं, घडतो तो असा, आपल्या डोळ्यांसमोर, एका वीतभर नळीत.

नळी असताना दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के पेशंटांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिनाभर नळी राहिली तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात, कितीही काळजी घेतली तरी. म्हणून सगळ्यात मोठा उपाय एकच: नळी लवकर काढणं.

पहिलं काम: कारण आणि तारीख

नळी घातली त्याच दिवशी सिस्टरना विचारा, ‘कशासाठी घातलीय आणि कधी काढणार?’ उत्तर आणि तारीख पिशवीवर चिकटपट्टी लावून मार्करने लिहा. फाईल बदलते, ड्युटी बदलते, पिशवीवरची तारीख सगळ्यांना दिसते.

नळीची खरी कारणं मोजकीच आहेत. प्रोस्टेटमुळे किंवा दुसऱ्या अडथळ्याने लघवी तुंबली आहे. पेशंट गंभीर आहे आणि दर तासाची लघवी मोजायची आहे. ऑपरेशन लांबणारं आहे किंवा मूत्रमार्गाचंच आहे. मणका किंवा खुबा मोडलाय आणि पेशंटला अजिबात हलवायचं नाही. कंबरेखालची बेडसोअरची जखम लघवीने भिजते आहे. किंवा माणूस शेवटच्या दिवसांत आहे आणि त्याला त्यातल्या त्यात आराम द्यायचा आहे.

रात्री उठवावं लागतं, चादरी भिजतात, डायपर महाग पडतात, ही कारणं नव्हेत. मला माहीत आहे, ऐंशी वर्षांच्या सासूला रात्री चार वेळा उठवणाऱ्या सुनेच्या कमरेचं काय होतं ते. तरीही नळी हा त्यावरचा उपाय नाही. पुरुषांसाठी युरिन पॉट आहे, बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर आहे. बायकांसाठी बेडपॅन आहे, पलंगाशेजारी ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात भाड्यानेही मिळते. दर दोन-तीन तासांनी स्वतःहून विचारून लघवीला बसवलं की निम्म्या चादरी वाचतात. मणक्याला मार लागलेल्या पेशंटला कायमची नळी ठेवण्याऐवजी दिवसातून ठरावीक वेळा बारीक नळी घालून लघवी काढून घ्यायला शिकवतात, तीही सोय डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी राऊंडला एकच प्रश्न: ‘डॉक्टर, नळी आज लागते का?’ लोक कचरतात. डॉक्टरांना उलट विचारल्यासारखं होईल, असं वाटतं. मग राऊंडच्या अर्धा तास आधी सिस्टरकडे विषय काढा, ती तो राऊंडला काढेल. पेशंट उठून बसायला लागला, चालायला लागला, तासातासाची लघवी मोजणं बंद झालं, यातलं काहीही झालं की त्याच दिवशी विचारायचं. आबांच्या बाबतीत तो दिवस खुर्चीत बसले तोच होता.

रोजची काळजी

सगळ्यात आधी हात. नळीला किंवा पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतरही साबणाने ४० ते ६० सेकंद, किंवा पलंगाला अडकवलेल्या सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोकं हमखास विसरतात.

पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. ती पलंगाच्या कठड्याला अडकवू नका. कठडा वर केला की पिशवीही वर जाते आणि लघवी उलटी फिरते. पलंगाच्या खालच्या पट्टीला अडकवा. नळीला पीळ नको, वळसा पडून मध्येच लघवी साठलेली नको, पेशंटच्या अंगाखाली दबलेली नको.

एक चूक मी शंभरदा पाहिलीय. पेशंटला एक्स-रेला किंवा सोनोग्राफीला न्यायचं असतं, स्ट्रेचर येतं आणि वॉर्डबॉय मामा पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात. लिफ्टपर्यंत जाईतो पिशवीतली शिळी लघवी नळीतून परत मूत्राशयात गेलेली असते. हलवण्याआधी पिशवी रिकामी करून घ्या आणि स्ट्रेचरच्या खालच्या दांडीला लटकवा. मामांना वाईट वाटू देऊ नका, पण सांगा.

पिशवी दोन तृतीयांश भरली की, किंवा दर आठ तासांनी रिकामी करायची. आता त्या मापाच्या जगबद्दल. जनरल वॉर्डात कितीतरी ठिकाणी एकच प्लॅस्टिकचा जग एका पलंगाकडून दुसऱ्याकडे फिरतो. पाच नंबरच्या पेशंटच्या लघवीतला रेझिस्टंट जंतू सहा नंबरला याच जगातून जातो, कारण पिशवीची तोटी जगाच्या काठाला टेकते. कुठल्याही प्लॅस्टिकच्या दुकानातून मापाच्या खुणा असलेला एक लिटरचा जग आणा, त्यावर बेड नंबर लिहा आणि तो फक्त आपल्या पेशंटला वापरा. तोटी काठाला टेकवू नका, हातमोजे घाला, झाल्यावर तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून बंद करा.

नळी आणि पिशवी यांचा सांधा उघडायचा नाही. कपडे बदलायला नाही, आंघोळ घालायला नाही, ‘जरा मोकळी करून बघतो’ म्हणूनही नाही. तो सांधा उघडला की जंतूंना दार उघडलं. औषधाच्या पाण्याने मूत्राशय रोज धुवायची पद्धतही काही ठिकाणी अजून आहे. इन्फेक्शन टाळायला तिचा उपयोग नाही, उलट त्यासाठी दरवेळी सांधा उघडावा लागतो.

लघवीची जागा दिवसातून एकदा आणि शौचानंतर दरवेळी साध्या साबणाने आणि पाण्याने धुवा. डेटॉल, सॅव्हलॉन, पावडर, मलम यांची गरज नाही, त्वचा मात्र सोलवटते. बायकांचं पुढून मागे पुसायचं, मागून पुढे नाही. पुरुषांची पुढची त्वचा मागे सारून धुवायची आणि धुऊन झाल्यावर आठवणीने पुन्हा पुढे आणायची. ती मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन आवळते आणि ते तातडीचं दुखणं होतं. हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नळी मांडीला चिकटपट्टीने थोडी सैल बांधा, म्हणजे कूस बदलताना ओढ बसणार नाही.

लघवी गढूळ आली म्हणून घाबरू नका

‘ओ सिस्टर, लघवी लई गढूळ यायला लागलीय, एखादं अँटिबायोटिक लावा की.’ हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते. पेशंटवरच्या मायेपोटीच ते येतं. पण नळी असलेल्या माणसाच्या लघवीत वास, गढूळपणा, पांढरा साका, रिपोर्टमध्ये पस सेल्स (पुवाच्या पेशी) हे सगळं नुसत्या नळीमुळेही असतं. ताप नाही, दुखत नाही, पेशंट नेहमीसारखा आहे, तर त्या जंतूंना औषध द्यायचं नसतं. अपवाद गरोदर बाईचा, आणि मूत्रमार्गाच्या ज्या ऑपरेशनमध्ये रक्त येणार आहे अशा पेशंटचा.

औषध दिलं तर नुकसान काय? साधे जंतू मरतात, त्यांची जागा हट्टी जंतू घेतात, आणि आठवड्याने खरंच ताप येतो तेव्हा ते औषध निकामी झालेलं असतं.

कधीकधी पिशवी चक्क जांभळी होते. गेल्या वर्षी भुदरगडच्या एका आजींची झाली, लेकाने रात्री दोन वाजता घाबरून फोन केला. बद्धकोष्ठ असलेल्या, बराच काळ नळी असलेल्या म्हाताऱ्या बायकांत हे दिसतं. अन्नातल्या एका घटकापासून आतड्यात आणि यकृतात जे बनतं, त्यातून लघवीतले जंतू निळा आणि तांबडा रंग तयार करतात, दोन्ही मिसळून जांभळा. दिसतं भयानक. आजी मात्र शांतपणे पेज पीत होत्या. पोट साफ केलं, नळी आणि पिशवी बदलली, रंग गेला.

गढूळ लघवी दिसली की आधी नळीला पीळ पडलाय का बघा. मग पाणी पुरेसं जातंय का बघा. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. मग पोट साफ होतंय का बघा. म्हातारं माणूस थोडं बडबडायला लागलं तर लगेच लघवीला दोष देऊ नका. पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, झोप न होणं, नवी गोळी, साखर कमी होणं, यातलं काहीही असू शकतं.

घाई कधी करायची

थंडी वाजून ताप, १००.४ च्या वर. ओटीपोट दाबलं की दुखणं. पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखणं. ताप आणि नवं भ्रमिष्टपण एकत्र. रक्तदाब उतरणं, श्वास भरभर होणं, हातपाय गार पडणं. पिशवीत रक्त. यातलं काही असेल तर सिस्टरना लगेच बोलवा, घरी असाल तर रात्र काढू नका. जंतू रक्तात उतरले असतील तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

लघवी कमी होणं ही वेगळी खूण. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटर तरी लघवी हवी. पिशवी तीन-चार तास कोरडी, ओटीपोट फुगलेलं, नळीच्या कडेने गळती, म्हणजे नळी तुंबली. प्रोटियस नावाचा जंतू लघवी क्षारीय करतो, मग नळीत चुन्यासारखे खडे धरतात. नळी पुन्हापुन्हा तुंबत असेल तर डॉक्टरांना त्या जंतूबद्दल विचारा.

कल्चर नीट घेतलं तरच उपयोगाचं

इन्फेक्शनचा खरा संशय असेल तर लघवीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायची तपासणी, आणि ते पहिलं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. ताप जास्त असेल तर रक्ताचंही.

पिशवीतली लघवी कधीही देऊ नका. ती तासन् तास साठलेली असते आणि त्यात मूत्राशयात नसलेले जंतूही वाढतात. नळीवर लघवीचा नमुना घेण्यासाठी खास जागा असते, ती स्पिरिटने पुसून सिरिंजने लघवी ओढतात. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि अजून लागणार असेल, तर आधी नळी बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा. जुन्या नळीतून घेतलं की थरातले जंतू येतात, आणि औषध भलत्याच जंतूवर सुरू होतं. नळी बदलल्याने पेशंटही लवकर बरा होतो, कारण घाटावरचा तो थरच काढून टाकलेला असतो.

नमुना लॅबमध्ये तासा-दोन तासांत पोचला पाहिजे. चंदगड किंवा गगनबावड्याहून पाठवायचा असेल तर निर्जंतुक डबीत, घट्ट झाकण लावून, बर्फाच्या डब्यात घालून. फ्रीजच्या गारव्यात तो २४ तास चालतो. एसटीच्या टपावर उन्हात तापला तर डबीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटं सांगतो.

वाढ दिसायला १८ ते २४ तास लागतात, औषधांची चाचणी व्हायला आणखी एक दिवस. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात. लॅबवाल्यांना दर तासाला फोन करून जंतू लवकर उगवत नाहीत.

रिपोर्ट वाचायला शिका

पहिल्या ओळीत जंतूचं नाव. ई. कोलाय, क्लेबसिएला, स्युडोमोनास, एंटेरोकोकस, अ‍ॅसिनेटोबॅक्टर ही नेहमीची मंडळी. तीनपेक्षा जास्त जंतू किंवा ‘मिश्र वाढ’ लिहिलं असेल तर बहुधा नमुना बिघडलाय, पुन्हा घ्या. कँडिडा ही बुरशी. नळीवाल्यांच्या लघवीत ती बऱ्याचदा नुसती बसलेली असते, नळी काढली की जाते. नंतर संख्या. एक लाखाच्या पुढे असली तर महत्त्वाची, पण ताप किंवा दुखणं सोबत असेल तरच.

मग औषधांची यादी. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. आय लिहिलं असेल तर चालेलही, पण डोस आणि जागा बघून. समोरच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नका. एका औषधापुढे २ आणि दुसऱ्यापुढे ८ म्हणजे पहिलं चांगलं, असा अर्थ नसतो.

यादीत एखादी स्वस्त गोळी एस असते आणि डॉक्टर तरी महागडं इंजेक्शन लावतात. लगेच शंका घेऊ नका. नायट्रोफ्युरॅन्टॉइन, फॉस्फोमायसिन ही औषधं मूत्राशयात चांगली काम करतात, पण जंतू किडनीत किंवा रक्तात गेले असतील तर तिथे पुरेशी पोचत नाहीत. विचारा मात्र जरूर: ‘रिपोर्टप्रमाणे यापेक्षा साधं औषध चालेल का?’ रिपोर्ट आल्यावर, दोन-तीन दिवसांनी, हा प्रश्न झालाच पाहिजे. मोठं औषध उतरवून लहान करायची ती वेळ असते.

रिपोर्टच्या तळाशी कधी ईएसबीएल लिहिलेलं असतं. म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनसारखी नेहमीची इंजेक्शनं फोडून टाकणारं रसायन तो जंतू बनवतो. मग मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधं लागतात. त्यांनाही न जुमानणारे जंतू आहेत. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका पेशंटच्या लघवीत असा क्लेबसिएला सापडला. तो पेशंट त्याआधी नवी दिल्लीत हॉस्पिटलात होता, म्हणून त्या जंतूच्या रसायनाला न्यू दिल्ली मेटॅलो बीटा लॅक्टमेज हे नाव पडलं. एनडीएम ही अक्षरं आज रिपोर्टमध्ये दिसतात ती त्यावरून. हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे चिठ्ठीसारखा जातो, क्लेबसिएलाकडून ई. कोलायकडेही. त्यापुढे कोलिस्टिनसारखी जुनी औषधं उरतात, आणि ती किडनीला जाचतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली.

औषध किती दिवस? नळीच्या इन्फेक्शनला, ताप झटपट उतरला तर, बहुतेकांना सात दिवस पुरतात. उतरायला वेळ लागला तर दहा ते चौदा. डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, कमी नाही आणि ‘अजून चार दिवस घेऊन टाकू’ म्हणून जास्तही नाही. नळी आहे म्हणून इन्फेक्शन होऊ नये यासाठी रोज अँटिबायोटिकची गोळी चालू ठेवणं, हे तर आगीत तेल.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्ट्रीप आणू नका. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही. सेफिक्झिमसारख्या गोळ्यांपासून मेरोपेनेमपर्यंतची बरीच अँटिबायोटिक्स मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत, दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. आणि आपल्याकडे घरटी म्हैस, म्हणून हेही सांगते: दगडी झाल्यावर म्हशीच्या कासेत सोडायच्या ट्यूबेतही अँटिबायोटिकच असतं. किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही ते त्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन तर सरकारने २०१९ मध्येच बंद केलं.

घरी नळी घेऊन जाताना

डिस्चार्जच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: नळीचा नंबर (म्हणजे जाडी), लॅटेक्स की सिलिकॉन, घातल्याची तारीख, बदलायची किंवा काढायची तारीख. लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवडे, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. बदलायला प्रशिक्षित सिस्टर किंवा डॉक्टरच हवेत.

नदीकाठच्या गावांना वेगळं सांगणं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिखली-आंबेवाडीत पाणी शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. अशा वेळी नळी तुंबली तर हॉस्पिटल गाठता येत नाही. नळी बदलायची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर डॉक्टरांना विचारून ती आधीच बदलून घ्या. जादा पिशवी, हातमोजे, साबण, स्पिरिट आणि रिपोर्टची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. स्थलांतराची सूचना आली की नळीवाला पेशंट पहिल्या ट्रॅक्टरने बाहेर काढा. पुराच्या पाण्याने ती जागा धुऊ नका, उकळून गार केलेलं पाणी वापरा.

नळी काढल्यावर

नळी सकाळी काढलेली बरी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. काढण्याआधी नळी चिमटा लावून बंद करून ‘सवय’ करायची गरज सहसा नसते. प्रोस्टेटच्या पेशंटला आधी काही दिवस गोळी देऊन मगच नळी काढून बघतात.

काढल्यावर सहा तासांत लघवी झाली पाहिजे. युरिन पॉटमध्ये घ्या आणि मोजा. पहिल्या एक-दोन वेळा थोडी जळजळ होते, ती चालते. सहा तासांत झाली नाही, ओटीपोट टणक लागतंय, किंवा दर दहा मिनिटांनी चमचा-चमचा येतेय, तर लगेच सांगा. लघवी आत तुंबलेली असू शकते. सोनोग्राफीत आत किती उरलीय ते कळतं. पुढचे दोन-तीन दिवस तापाकडे लक्ष असू द्या. जुनी नळी आणि पिशवी पुन्हा कुणालाही वापरायची नाही.

शेवटचं काम फाईलचं. रेझिस्टंट जंतू आला होता तो रिपोर्ट फाईलच्या पहिल्याच पानावर लावा. असा जंतू आतड्यात महिनोन् महिने राहू शकतो, आणि पुढच्या वेळी अंदाजाने औषध देणाऱ्या डॉक्टरला तेवढा एक कागद फार उपयोगी पडतो.

यंदा मार्चमध्ये आबांना न्यूमोनिया झाला. कॅज्युअल्टीत मी फाईल उघडून तो रिपोर्टच आधी पुढे केला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, आधी लिहिलेलं इंजेक्शन खोडून दुसरं लिहिलं. सिस्टरने ट्रेमध्ये नळी मांडली होती. मी विचारलं, ‘लागेल का?’ डॉक्टरांनी आबांकडे बघितलं, आबा पाय खाली सोडून पलंगावर बसले होते. ‘नको,’ ते म्हणाले, ‘यांना पॉट द्या.’